त्र्याऐंशीवं पान

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे अर्ध्यात चहा टाकून उठायला नको. मलाही पहिले दोन दिवस खरी वाटली नव्हती, आणि मी तर तिच्यात होतो.

या टपरीवर मी ती वीसेक वेळा सांगितली असेल. दर वेळी कुणीतरी विचारतंच, "म्बाह, आज मीठ किती टाकलंत?" नाव माझं दर्सोनो, पण वयामुळं सगळे म्बाहच म्हणतात, आजोबा. तर आज मीठ मोजून टाकतो, कारण आज साक्षीदार हजर आहे. त्या टोकाच्या बाकावर हिरवी मिरची चावत मेंडोआनची भजी खात बसल्यात ना, त्या बू, म्हणजे बाई, विनार्सिह. संज्ञापन विभागाच्या प्रमुख. गोष्ट त्यांचीच आहे. मी खोटं बोललो तर त्यांनी मला तिथल्या तिथं धरावं. आजवर धरलेलं नाही. नुसती मान डोलावतात.

"डोलावते, कारण तुम्ही थांबत नाही," बू म्हणाल्या.

बघा. साक्ष सुरू झाली.

विद्यापीठाच्या मागच्या फाटकाला लागून माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान. अडतीस वर्षं झाली. जावातल्या या पुर्वोकर्तोत जेवढे डॉक्टर झाले, म्हणजे सुया टोचणारे नव्हेत, कागदावरचे, त्यांतल्या निम्म्यांचे प्रबंध या बोटांनी शिवलेत. आणि अडतीस वर्षांत माझ्या हातून एक पान इकडचं तिकडं झालेलं नाही. गठ्ठा आला की अंगठा ओला करायचा आणि तीनदा मोजायचा. एकदा वरून, एकदा खालून, एकदा डोळे मिटून.

"डोळे मिटून कसा मोजणार?" गिलांगनं विचारलं. हा गिलांग बूंचाच विद्यार्थी. पोरगा हुशार आहे, पण शंका फार.

"तुला येत नाही म्हणून तर तू विद्यार्थी आहेस."

तर झेरॉक्सवाल्याच्या हातून सगळं जातं. प्रेमपत्रं, घटस्फोटाचे कागद, निवडणुकीची पत्रकं, प्रश्नपत्रिका. वाचायचं नसतं, पण डोळे काय खिशात ठेवणार? डॉक्टर हत्मोको माझ्या डोळ्यांना असेच सापडले. राजकारण आणि प्रसारमाध्यमं या विषयातलं आमच्याकडचं मोठं नाव. निवडणूक आली की टीव्हीवर हेच, बाटिकचा रेशमी सदरा घालून. तर व्हायचं असं की एखादी मुलगी तिचा प्रबंध शिवायला आणायची, आनंदानं मला तळलेली केळी द्यायची, आणि वर्षभरानं हत्मोकोंचा लेख प्रती काढायला यायचा तेव्हा त्यात तेच तक्ते असायचे. नुसते तक्ते नव्हेत, चुकाही त्याच. रोकाया नावाच्या मुलीच्या एका तक्त्यातल्या टक्क्यांची बेरीज एकशे एक येत होती. हत्मोकोंच्या लेखातही एकशे एकच आली. अशी अकरा पोरं मी मोजली.

अकराव्याला माझी जीभ सैल सुटली. गल्ल्यावर सहा-सात विद्यार्थी उभे होते. मी 'पाक', म्हणजे साहेब, लावून अदबीनंच म्हटलं, "पाक हत्मोको, हा तक्ता कुठंतरी पाहिल्यासारखा वाटतो."

त्यांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, आणि म्हणाले, "दर्सोनो, तुझं काम कागद मोजायचं. वाचायचं नाही."

विद्यार्थी हसले. त्यांना हसावंच लागलं, गुण हत्मोकोंच्याच हातात होते. मीही हसलो. हसत हसत पिना मारल्या, पिशवीत घालून दिलं, वर "पुन्हा या" म्हटलं. जेवताना ते वाक्य घशात, आंघोळीला गेलो तर कानात. मशिदीत कपाळ टेकलं तर चटईवर तेच लिहिलेलं. पण ते जाऊ द्या, माझं काय एवढं! गोष्ट बूंची आहे.

विनार्सिह चिलोंगोक गावची. बाप नारळाच्या झाडावर चढून रस काढायचा, आई त्याचा गूळ करायची. घरात पुस्तक म्हणाल तर कुराण आणि खतांच्या कंपनीचं कॅलेंडर. तिथून ही मुलगी आमच्याकडं कंत्राटी अध्यापक झाली, दर डिसेंबरात नोकरी राहते की जाते याची वाट बघणारी. आणि काम काय काढलं? बायकांच्या व्हॉट्सअॅप गटांतून मतं कशी वळतात! पगारी टिवटिव करणारी टोळकी असतात ना, आज या उमेदवाराची आरती, उद्या त्याची, ती या गटांत कुठल्या दारानं शिरतात, हे शोधायचं. चार वर्षं ती दोनशे बारा गटांत बसली. भिशीचे गट, प्रार्थनेचे गट, फुटबॉलचे, शाळेच्या आयांचे. दिवसाला तीन हजार 'सुप्रभात' तिच्या फोनवर यायचे. फोन एवढा तापायचा की तिची आई त्यावर पापड भाजायची.

"म्बाह!" बू म्हणाल्या.

एकच पापड. तोही लहान.

तर त्या कामात तिनं एक माणूस बनवला. कसान तारोम. वय एकाहत्तर, चिलोंगोकचा, झाडावरून पडून एका पायानं लंगडा, बायको वारलेली. फोटोला तिच्याच आजोबांची पाठ, झाडावर चढतानाची. हा कसान तारोम गटांत साधे प्रश्न विचारायचा. रस्ता कधी होणार? गुळाला भाव कधी येणार? बूंना बघायचं होतं की जो माणूसच नाही, त्याचा शब्द 'जनतेचा आवाज' व्हायला किती दिवस लागतात. एकोणीस! विसाव्या दिवशी दोन्ही उमेदवारांच्या फलकांवर त्याचं वाक्य होतं. दोन्ही बाजूंची टोळकी त्याला आपला म्हणत भांडत होती.

निवडणूक झाल्यावर बूंनी सगळ्या गटांना खरं सांगितलं, सगळ्यांची परवानगी घेतली. बायकांनी आधी शिव्या घातल्या. एक विधवा म्हणाली, "मेले, मी त्याच्यासाठी तांदूळ भिजत घातला होता गं!" मग हसल्या, आणि कसान तारोमला गटातून जाऊ दिलं नाही. अजून ईदला त्याला शुभेच्छा जातात. म्हणजे साऱ्या चिलोंगोकला ठाऊक होतं की हा माणूस नाही. कुणालाही एकदा विचारलं असतं तरी कळलं असतं. फक्त तिथवर जायला हवं होतं.

हे सगळं बूंनी प्रबंधात एका पानावर लिहिलं. त्र्याऐंशीव्या. आधीच्या पानांत कसान तारोम चालतो, बोलतो, खोकतो. या पानावर ती सांगते की याला मी घडवलं, का घडवलं, कसं घडवलं. पुढच्या पानांत नुसते आकडे.

प्रबंध शिवायला आणला तो दिवस मला आत्ता समोर दिसतोय. आजवर एवढ्या तपशिलानं सांगितला नाही, आज बू बसल्यात म्हणून सांगतो. जानेवारी. हवा अशी ओली की पाकिटं आपोआप चिकटत होती. विभागाच्या छपाईयंत्राला कंत्राटी लोकांनी हात लावायचा नाही असा नियम होता. हिनं शिपायाला गुळाची ढेप दिली, पहाटे पाचला विभाग उघडायला लावला, आणि दोन्ही प्रती तिथंच छापल्या. सातला माझ्या दारात. दोन गठ्ठे, आईच्या सारोंगमध्ये, नेसायच्या कापडात, गुंडाळलेले, कागद अजून गरम. म्हणाली, "म्बाह, फक्त शिवून द्या. एक माझी, एक हत्मोको सरांची. दुपारी तपासायला द्यायचीय त्यांना, मार्गदर्शक तेच."

"विभागाच्या मशीनवर? चोरून?" गिलांग खूश झाला. "बू, तुम्ही आम्हाला एक कागद वापरू देत नाही!"

"हे आज कुठून काढलंत, म्बाह?" बू हसल्या. "ढेपेचं मी विसरूनच गेले होते."

म्हाताऱ्याला सकाळचं आठवत नाही, जुनं सगळं आठवतं. मी निळी पुठ्ठ्याची कव्हरं घातली, सोनेरी अक्षरं दाबली. दुपारी ती प्रत हत्मोकोंच्या टेबलावर गेली.

आणि तिथं झोपली. दोन महिने, चार महिने, वर्ष. बू विचारायला गेली की सांगायचे, "कच्चं आहे. पातळी नाही." कधी, "प्रवासात वाचतो." दीड वर्षानं म्हणाले, "तुम्ही दुसरा विषय घ्या. गावठी बायकांच्या गप्पांना शास्त्र म्हणत नाहीत." ती माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसली. रडली नाही. माझी कात्री घेतली आणि रद्दीचे तुकडे तुकडे केले. अर्ध्या तासात एवढे, की शेजारच्या अंडेवाल्यानं ते वर्षभर अंड्यांखाली पसरायला वापरले.

मग हत्मोको प्राध्यापक झाले. आमच्याकडं ही पदवी म्हणजे राज्याभिषेक. झगा, गळ्यात साखळी, चौकोनी टोपी, सातशे पाहुणे आणि भाषण. भाषणाची पुस्तिका आधी छापून प्रत्येकाच्या खुर्चीवर ठेवतात. ती छापायला आली माझ्याकडं, समारंभाच्या नऊ दिवस आधी. शीर्षक होतं, 'जनतेचा आवाज: कसान तारोमच्या अंगणात'.

मी वाचलं नाही हो. माझं काम मोजायचं. पण मोजता मोजता दिसलं ते असं: हत्मोको म्हणतात की मी कसान तारोमना तीनदा भेटलो. त्यांच्या अंगणात गोड काळा चहा घेतला. त्यांची शेळी माझा सदरा चावत होती. आणि गेल्या रमजानमध्ये ते वारले तेव्हा मी स्वतः त्यांना माती दिली.

"माती दिली?" टपरीवालीच्या हातातली झारी कढईतच थांबली. वीस वेळा ऐकलंय तिनं, तरी थांबते.

अहो, विद्यापीठाच्या मासिकाला कसान तारोमचा फोटो हवा होता. मग मारून टाकण्यावाचून गत्यंतर होतं का!

मी विनार्सिहला बोलावलं. ती गल्ल्यावर उभ्या उभ्या वाचत गेली. तिचा चेहरा आधी कागदासारखा झाला, मग विटेसारखा. त्याच आठवड्यात तिची कायम नोकरीची फाइल जाणार होती, याच कामावर. आता हे काम छापून, सातशे लोकांसमोर, हत्मोकोंच्या नावावर चढणार. मग तिनं तेच दाखवलं असतं तर चोर ती ठरली असती. डिसेंबरात घरी, आईबरोबर गूळ ढवळायला.

मग ती एकदम थांबली. "म्बाह, यांना कसान खरा वाटतोय."

"असं कसं होईल? तू तर लिहिलंयस."

"त्र्याऐंशीव्या पानावर लिहिलंय." तिनं पिशवीतून स्वतःची निळी प्रत काढली. पान जागेवर. "माझ्यात आहे. त्यांच्यात असतं तर त्यांनी अंत्ययात्रा कशाला काढली असती?"

तेव्हा मी कपाळावर हात मारला आणि तिला सांगितलं की चूक माझी. माझं ते जुनं मशीन, त्या ओल्या हवेत त्याचा रोलर दोन कागद एकदम ओढायचा. एक छापला जायचा, एक नुसता त्याच्या पोटाला चिकटून निसटायचा. त्र्याऐंशीवं पान तसंच गेलं असणार. अडतीस वर्षांतली एकुलती एक चूक, आणि बघा कुठं लागली!

ती हसायला लागली. अशी हसली की मला भीती वाटली. मग डोळे पुसून म्हणाली, "किती दिवस आहेत?"

"नऊ. पोरी, तक्रार कर. कुलगुरूंकडे जा."

"तक्रार केली की समिती. समितीवर कोण? त्यांचे व्याही." ती कात्री हातात घेऊन बोलत होती. "मोबाइलवर टाकलं तर तासाभरात दोनशे भाडोत्री तोंडं म्हणतील, बाई जळते. मी वर्गात हेच शिकवते, म्बाह. आरोप केला की दोन बाजू होतात, आणि एक बाजू विकत मिळते."

"मग काय करणार? गप्प बसणार?"

"मला त्यांची माफी नकोय. भरपाई नकोय. मला त्यांना वाचताना बघायचंय. सगळ्यांसमोर. झगा घालून. एकेक ओळ."

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. लग्न लागो, दुकान उघडो, बढती मिळो की माणूस मरो, दाराशी फुलांचे फलक उभे राहतात, दारापेक्षा उंच, बांबूच्या पायांवर. किती फलक आले त्यावर माणसाची किंमत. मोजतात सगळे. वाचत कुणी नाही, कारण वाचायला असतं काय? हार्दिक अभिनंदन, अमुक आणि परिवार. हत्मोकोंना तर फलकांचं वेड. अर्थशास्त्राचे डीन पाक त्रेंगोनो यांना त्यांच्या वेळी एकोणतीस आले होते. हत्मोको महिनाभर ज्याला त्याला विचारत होते, "माझे तीस होतील ना?"

आणि फलक बनवतं कोण? सोकाराजाच्या रस्त्यावरची रोकाया. हो, तीच, बेरीज एकशे एकवाली. तक्ता गेला, मग मन उडालं, शिक्षण सोडून ती फुलांच्या धंद्यात पडली. विनार्सिहनं तिच्यासमोर त्र्याऐंशीवं पान ठेवलं. रोकायानं ते दोनदा वाचलं. मग थर्मोकोल कापायची तापती तार हातात घेतली आणि विचारलं, "ताई, वाक्यं किती?"

"सतरा."

"सतरा फलक. आणि अठरावा माझ्याकडून. आहेर समजा."

नऊ दिवस ती अक्षरं कापत होती. थर्मोकोलचा भुगा एवढा उडाला की सोकाराजाच्या लोकांना वाटलं जावा बेटावर बर्फ पडला. दोन म्हाताऱ्यांनी तर स्वेटर काढले.

"म्बाह, मीठ," गिलांग म्हणाला.

एक म्हातारा. पण स्वेटर दोन होते.

समारंभाच्या दिवशी सकाळी सहाला रोकायाचा टेम्पो फाटकावर. पहारेकऱ्यानं विचारलं, "कुणाचे?" रोकाया म्हणाली, "प्राध्यापक हत्मोकोंचे." संपलं. एवढंच विचारायची त्याला सवय. फाटकापासून सभागृहापर्यंतच्या रस्त्याच्या उजव्या हाताला खरेखुरे अभिनंदनाचे अठ्ठावीस. डाव्या हाताला आमचे अठरा, ओळीनं, गुलाबी आणि पिवळ्या फुलांत. पहिला: 'कसान तारोम नावाचा माणूस नाही.' दुसरा: 'तो कधीच नव्हता.' तिसरा: 'त्याला मी या अभ्यासासाठी घडवलं.' चौथ्यावर आजोबांच्या पाठीचं, पाचव्यावर लंगड्या पायाचं. असं करत करत सतराव्यावर: 'याची जबाबदारी माझी एकटीची आहे. विनार्सिह, चिलोंगोक, पान त्र्याऐंशी.' आणि प्रत्येकाच्या खाली बारीक अक्षरांत, पाठवणारे: चिलोंगोकच्या बायकांचा अमुक गट, तमुक गट.

आणि पाहुणे? ते मोजत मोजत गेले. मी फाटकाशी सायकल धरून उभा होतो, स्वतः ऐकलं. "बेचाळीस... त्रेचाळीस... बाप रे, सेहेचाळीस!" वाचलं नाही एकानंही. विनार्सिह माझ्याशेजारी, तिचे ओठ पांढरे. "म्बाह, वाचतच नाहीत."

हत्मोको आले मागच्या बाजूनं, काळ्या काचांच्या गाडीतून. त्यांना दिसल्या फलकांच्या पाठी. ड्रायव्हरनं पहारेकऱ्याकडून कळलेला आकडा सांगितला, आणि पाठवणाऱ्यांत चिलोंगोकच्या बायका आहेत हेही. असं म्हणतात की त्यांनी उतरायच्या आधी तो आकडा तीनदा म्हणवून घेतला.

आम्ही सभागृहात मागं उभे राहिलो. त्यांचं भाषण म्हणजे तूप. कसान तारोमचं अंगण आलं, चहा आला, शेळी आली. मातीच्या वेळी रुमाल काढला. पुढच्या रांगेतल्या कुलगुरूंच्या बायकोनंही काढला. विनार्सिहनं माझा दंड असा धरला की नखांच्या खुणा अजून आहेत. बाही वर करून दाखवीन.

आणि तेवढ्यात, देवाची शप्पथ, हत्मोकोंच्या जिभेवर सैतान बसला. त्रेंगोनोंकडं बघून ते म्हणाले, "काही मंडळी म्हणतात, हत्मोको गावात जात नाही. बाहेर सेहेचाळीस फलक उभे आहेत. त्यांतले कितीतरी चिलोंगोकच्या साध्या बायकांनी पाठवलेत, असं मला आत्ताच कळलं. ज्याला शंका असेल त्यानं बाहेर जाऊन वाचावं."

त्रेंगोनोंना शंका होती. ते उठले, झगा सावरला, बाहेर गेले. पाच मिनिटांनी आले, गुळाचा खडा गालात धरल्यासारखं तोंड. बसले नाहीत. शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगितलं. शेजारी उठला. त्याच्या शेजारची उठली. मग रांग. मग दोन रांगा. सातशे माणसं दाराशी, झग्यात झगे अडकले, कुलगुरूंची टोपी कुणाच्या तरी पायाखाली, आणि हत्मोको व्यासपीठावर ध्वनिक्षेपकासमोर, रिकाम्या खुर्च्यांना लोकशाही समजावून सांगताहेत. शेवटी तेही खाली आले. काय झालं म्हणून बाहेर गेले.

मी अडतीस वर्षांत कागद खूप पाहिले, पण कुणाला असं वाचताना पाहिलं नाही. दोन्ही बाजूंना माणसं उभी. फोन वर धरलेले. हत्मोको पहिल्या फलकापाशी थांबले. ओठ हलले. दुसऱ्यापाशी गेले. परत पहिल्यापाशी आले. मग एकेक, एकेक. साखळी गळ्यात वाजत होती. सहाव्यापाशी चष्मा काढून पुसला, जणू काच चुकत होती. अकराव्याला एक शेळी खालची झेंडूची फुलं खात होती. शेळी कुठून आली ते मला विचारू नका, मी आणली नव्हती. तिनं हत्मोकोंकडं पाहिलं आणि त्यांचा झगा चावला. तेव्हा पहिलं हसू फुटलं. सतराव्यापर्यंत तो सगळा रस्ता हसत होता.

अठरावा रोकायाचा. त्यावर लिहिलं होतं: 'माझ्या मयतीला आलात, फार आभारी आहे. आपला, कसान तारोम, जन्माला यायचा राहिलेला.'

विनार्सिह हसली नाही. ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, निळी प्रत छातीशी धरून, आणि म्हणाली, "सर, आता पातळी बरी वाटते का?"

एवढंच. दुपारच्या बांगेपर्यंत ते सगळं दोनशे बारा गटांत पोचलं होतं. भाडोत्री तोंडं उघडली, पण ज्या माणसावर सगळे हसताहेत त्याची बाजू कशी घेणार? कुलगुरूंना पुस्तिका परत मागवाव्या लागल्या. काम बूंच्या नावावर आलं, नोकरी कायम झाली, रोकायाच्या आणि बाकीच्या दहा जणांच्या प्रबंधांची तपासणी लागली. हत्मोको रजेवर गेले ते गेलेच. अजून फुलांचा फलक दिसला की रस्ता ओलांडतात. स्वतःच्या पुतणीच्या लग्नात स्वयंपाकघराच्या दारानं शिरले, तिथं एका बाईनं त्यांना आचारी समजून कांदे दिले, आणि त्यांनी ते चिरले!

आणि हे सगळं कुणामुळं? माझ्यामुळं नाही, बूंमुळं तर नाहीच. त्या जुन्या मशीनच्या रोलरमुळं. त्यानं ते पान गिळलं नसतं तर हत्मोकोंनी कसानला टाळला असता आणि बाकी सगळं सुखानं चोरलं असतं. म्हणून मशीन बिघडलं तरी मी ते विकलं नाही. कोपऱ्यात झाकून ठेवलंय. दर शुक्रवारी त्याच्यावर मोगऱ्याची दोन फुलं ठेवतो. यंत्र असलं तरी त्यानं...

"म्बाह."

बू विनार्सिह उठून उभ्या राहिल्या होत्या. हातातला मेंडोआन तसाच. या वेळी मान डोलावत नव्हत्या.

"त्या प्रती मी विभागात छापल्या. दोन्ही. ढेप देऊन. तुम्हीच आत्ता सांगितलंत."

"हो, मग?"

"तुम्ही फक्त शिवल्या. तुमच्या मशीनमधून ते गेलंच नव्हतं, म्बाह." टपरीवालीनं झारी खाली ठेवली. "तीनदा मोजता तुम्ही. म्हणजे ते पान तुम्ही वाचलंत, आणि काढून घेतलंत. सर चोरणार हे तुम्हाला त्या सकाळीच ठाऊक होतं. आणि तरी तुम्ही मला माझं काम त्यांच्या हातात नेऊन देऊ दिलंत."